भावाची पाटी, बहिणीची चूल : एकोणिसाव्या शतकातील मराठी घरे आणि मुलींचे शिक्षण

१/
एप्रिल १८५८. रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी १८ तारखेला एका मुलाचा जन्म झाला. पाचच दिवसांनी, २३ तारखेला, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात एक मुलगी जन्मली. दोन्ही घरे ब्राह्मणांची. दोन्ही घरांत विद्येला मान होता, पैसा मात्र टिकत नव्हता. मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. मुलगी म्हणजे रमा डोंगरे, पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगाला ठाऊक झालेली.

२/
कर्व्यांच्या शाळकरी वयातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंतचे शंभराहून अधिक मैलांचे अंतर, सह्याद्रीचा घाट चढून, त्यांनी सोबत्यांसह पायी तोडले. तेथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांना परत पाठवले, कारण मुलगा वयाने फारच लहान दिसत होता. पुढे ते दुसऱ्या केंद्रावरून उत्तीर्ण झाले. या हकिगतीत जिद्द आहेच; पण एक गोष्ट सहज नजरेआड होते. इतक्या हालअपेष्टा सोसून मुलाने शिकावेच कशाला, हा प्रश्न त्या गरीब घरात कोणालाही पडला नाही.

३/
रमा डोंगरे कोणत्याच शाळेत गेली नाही. तरीही वयाच्या विशीत कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली. याचे कारण तिच्या जातीत, गावात किंवा काळात सापडत नाही. ते सापडते एका माणसाच्या हट्टात. तो माणूस म्हणजे तिचे वडील अनंतशास्त्री.

४/
हा धागा त्या फरकाचा आहे. एकोणिसाव्या शतकात मुलगा शिकणार की नाही, हे त्याच्या घराची जात, वतन आणि व्यवसाय पाहून बऱ्याच अंशी सांगता येई. मुलीच्या बाबतीत तसे सांगता येत नसे. साक्षर घरात जन्मल्याने ती साक्षर होईल, असे मुळीच नव्हते. उलट घर जितके शिकलेले, तितके भाऊ आणि बहीण यांच्यातले अंतर मोठे, असे विचित्र गणित अनेक ठिकाणी दिसते.

५/
हे गणित नीट समजण्यासाठी आधी मुलांची बाजू पाहावी लागते. पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या आरंभी पंतोजीची शाळा असे. धुळाक्षरे, पाढे, मोडी वाचन, हिशेब एवढा अभ्यास. तिथे जाणारी बहुतेक मुले कुलकर्णी, जोशी, देशपांडे, वाणी, सावकार अशा घरांतली. कारण त्या घरांचा चरितार्थच लेखणीवर चाले. कुलकर्ण्याच्या मुलाला दप्तर लिहिता आले नाही, तर वतन चालवायचे कोणी? नांगरावर जगणाऱ्या घरात या विद्येचा तसा रोजचा उपयोग नव्हता. तिथे दहा वर्षांचे पोर म्हणजे शेतातले दोन हात.

६/
इंग्रजी राज्यात लेखणीचे मोल आणखी वाढले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिक झालेल्या मुलाला कचेरीचे दार उघडू लागले. आता मुलाचे शिक्षण हा घराने केलेला खर्च उरला नाही, ती गुंतवणूक झाली. तो नोकरीला लागेल, धाकट्या भावंडांना शहरात घेऊन जाईल, आईवडिलांना पोसेल. मुलीबाबत यातले काहीच संभवत नव्हते. आठव्या-नवव्या वर्षी ती दुसऱ्या घरची होई. माहेराने तिच्यावर खर्च करावा आणि फळ सासरने खावे, असा तो व्यवहार. आणि सासरला तर ते फळ नकोच होते.

७/
म्हणून त्या घरांतल्या स्त्रिया अडाणी होत्या, असे समजणे चुकीचे ठरेल. ओव्या, व्रतकथा, कीर्तनातली आख्याने, औषधी पाला, सणावारांचे शास्त्र, नात्यागोत्याचा इतिहास : हे सारे त्यांना मुखोद्गत असे. ज्ञान होते, अक्षर नव्हते. अपवाद वरच्या घराण्यांतले. गोपिकाबाई या नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, रास्ते सावकारांच्या कन्या. त्यांनी नातू सवाई माधवराव याला वागणुकीचे नियम कळवले, ते उपदेशपत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु शनिवारवाड्यातली अक्षरओळख पेठेतल्या घरापर्यंत पोहोचत नसे.

८/
विरोधाला श्रद्धेचे कवचही होते. शिकलेली मुलगी विधवा होते, ही समजूत घरोघरी पक्की होती. ही नुसती खुळी समजूत म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती नेमक्या जागी काम करत असे. बालविवाहाच्या आणि साथीच्या रोगांच्या काळात बालविधवा घरोघरी होत्या. त्यांतल्या एखादीने चार अक्षरे गिरवलेली असली, की साऱ्या आळीला पुरावा मिळे. न शिकलेल्या शेकडो विधवांची मोजदाद कोणी करत नसे.

९/
गावकुसाबाहेर चित्र वेगळे होते. महार-मांगांच्या घरी भावालाही शाळा बंद, बहिणीलाही बंद. तिथे भाऊ-बहिणीत अंतर नव्हते, कारण दोघांच्याही वाट्याला काहीच आले नव्हते. म्हणूनच १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात आलेला मुक्ता साळवे या मांग समाजातील किशोरवयीन मुलीचा निबंध इतका विलक्षण वाटतो. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध लिहिणारी मुलगी फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. तिचे शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. तेवढ्या शिदोरीवर तिने वेदांवर हक्क सांगणाऱ्यांना सरळ विचारले, की मग आमचा धर्म कोणता? त्याच वेळी पुण्यातील शास्त्र्यांच्या कितीतरी मुलींना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

१०/
ती शाळा कशी उभी राहिली, हीसुद्धा घराचीच कथा आहे. जोतीराव फुले यांचे वडील गोविंदराव फुलांचा व्यवसाय करत. शिकून मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले आणि जोतीरावांची शाळा सुटली. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी समजूत घातल्यावर १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. म्हणजे माळ्याच्या घरातला मुलगाही दोन हितचिंतकांच्या शब्दावरच शिकला. लेखणी नसलेल्या घरात मुलाचे शिक्षणसुद्धा असे योगायोगावर लोंबकळत असे.

११/
नायगावच्या पाटलांची लेक सावित्री १८४० मध्ये, नऊ वर्षांची असताना, त्यांची पत्नी झाली. तिचे शिक्षण माहेरी झाले नाही, सासरी झाले. आणि तेही सासऱ्यांच्या इच्छेने नव्हे, नवऱ्याच्या इच्छेने. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला पटावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली होत्या. पुढच्याच वर्षी गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घर सोडायला सांगितले. मुलगा आणि सून यांना घर गमवावे लागले ते स्वतःच्या शिक्षणामुळे नव्हे, दुसऱ्यांच्या मुलींना शिकवल्यामुळे. गोविंदराव दुष्ट नव्हते. जातीतल्या आणि पेठेतल्या दबावापुढे वाकलेला तो एक साधा बाप होता. अशा साध्या बापांच्या भीतीवरच ती सारी व्यवस्था उभी होती.

१२/
पहिलेपणाचा मान वाटताना एक नोंद आवश्यक आहे. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती. अहमदनगरमध्ये सिंथिया फॅरार यांच्या शाळा जोतीरावांनी स्वतः पाहिल्या होत्या. मिशनच्या शाळांत येणाऱ्या मुली बहुधा गरीब घरांतल्या असत. प्रतिष्ठित घरे धर्मांतराच्या भयाने दूर राहत. १८४९ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने, दादाभाई नौरोजी आदींच्या पुढाकाराने, मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. यानंतर शाळा नाही ही सबब हळूहळू मागे पडली. मुलीला शाळेपर्यंत जाऊ देणारे घर कुठे आहे, हा खरा प्रश्न पुढे आला.

१३/
पुन्हा गंगामूळकडे. अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी आपल्या गुरूंबरोबर पुण्यात होते. हे गुरू बाजीराव दुसरे यांच्या राणीला संस्कृत शिकवत. स्त्रीच्या तोंडी संस्कृत श्लोक ऐकून शास्त्रीबुवा चकित झाले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे त्यांनी ठरवले. घरच्या मंडळींनी पहिल्या पत्नीच्या बाबतीत तो बेत हाणून पाडला. ती वारल्यावर दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई, लग्नाच्या वेळी नऊ वर्षांच्या, यांना त्यांनी शिकवलेच. त्याबद्दल उडुपीच्या विद्वत्सभेपुढे त्यांना आपल्या बाजूचे शास्त्राधार मांडावे लागले. लोकांच्या कटकटीला कंटाळून ते कुटुंबासह अरण्यात जाऊन राहिले.

१४/
या कथेतला सर्वांत महत्त्वाचा तपशील पुढचा आहे. रमा शिकण्याच्या वयाची झाली तेव्हा अनंतशास्त्री वृद्ध झाले होते. तिला शिकवले आईने. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, लक्ष्मीबाई लेकीला उठवून भागवताचे श्लोक पाठ करून घेत. बापाच्या हट्टाने सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या पिढीत आईच्या हाती आली. आई साक्षर असली की मुलीचे शिक्षण घरातल्या पुरुषाच्या मर्जीवर तितकेसे अवलंबून राहत नाही, याचे महाराष्ट्राच्या परिचयातले हे फार जुने उदाहरण. रमाबाईंची कन्या मनोरमा पुढे मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. तीन पिढ्या, तीन शिकलेल्या स्त्रिया. आणि मधल्या पिढीत दुष्काळ, आईवडिलांचा मृत्यू, हजारो मैलांची पायपीट.

१५/
अशी घरे विरळाच. बुलढाण्याचे बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक चळवळीत होते. त्यांनी कन्या ताराबाई हिला घरीच शिकवले. त्याचे फळ म्हणजे १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे जळजळीत पुस्तक. ताराबाई मराठा घरातल्या, शाळेत न गेलेल्या. शास्त्र्यांच्या घरी ग्रंथांचे गठ्ठे असताना मुली निरक्षर राहत होत्या, आणि त्याच काळात वऱ्हाडातल्या एका कारकुनाची लेक शास्त्रांनाच जाब विचारत होती.

१६/
ज्यांना बाप असा लाभला नाही, त्यांच्यासाठी नवरा ही दुसरी शक्यता. रमाबाई रानडे मूळच्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकर घराण्यातल्या. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती आणि वर एकतीस वर्षांचे विद्वान विधुर होते. सुधारक म्हणवणाऱ्याने विधवेशी लग्न करायला हवे होते, ही टीका रानड्यांवर झाली आणि ती रास्तही होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. मात्र त्यांनी पत्नीला शिकवायला लगेच सुरुवात केली.

१७/
रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात त्या दिवसांचे वर्णन केले आहे. त्यात विरोध करणारे पुरुष फारसे दिसत नाहीत. दिसतात घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया. रात्री माडीवर नवऱ्यापाशी शिकायचे आणि दिवसा माजघरात त्याबद्दल टोमणे ऐकायचे. या स्त्रियांना खलनायिका ठरवणे सोपे आहे. त्यांच्या दृष्टीने पाहिले तर घरातली त्यांची सारी सत्ता चूल, सोवळे आणि परंपरेच्या ज्ञानावर उभी होती. पुस्तक वाचणारी सून ती सत्ताच मोडीत काढत होती. स्वतःला कधीच न मिळालेली गोष्ट पुढच्या पिढीला सहज मिळताना पाहणे, हेही काही सोपे नसते.

१८/
नवऱ्याने शिकवणे म्हणजे नेहमी प्रेमळ शिकवणे नव्हे. कल्याणच्या यमुनेचे नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या टपाल खात्यातल्या कारकुनाशी लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. पत्नीला शिकवू द्यावे, अशी अटच गोपाळरावांनी लग्नाआधी घातली होती असे सांगतात. पण अभ्यासात कुचराई केली की ते तिला मारत. आनंदीबाईंनीच पुढे पतीला लिहिलेल्या एका पत्रात बालपणी सोसलेल्या त्या माराची आठवण करून दिली आहे. इतरांच्या बायका स्वयंपाक बिघडला म्हणून मार खात. ही मुलगी धडा चुकला म्हणून खात होती.

१९/
चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. १८८३ मध्ये ती एकटी अमेरिकेस निघाली. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिला मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, क्षयाने पुण्यात तिचा अंत झाला. तिचे पहिले मोठे मराठी चरित्र लिहिले काशीबाई कानिटकरांनी. त्याही लग्नाच्या वेळी निरक्षर होत्या आणि सासरी राहूनच लिहायला-वाचायला शिकल्या. मराठीतील आरंभीच्या कादंबरीकार स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

२०/
रखमाबाईंचे उदाहरण आणखी वेगळे. त्यांची आई जयंतीबाई सुतार समाजातली. त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. पहिला पती वारल्यावर जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन या मुंबईतील नामांकित वैद्यकतज्ज्ञाशी झाला. उच्च मानलेल्या जातीत त्या जन्मल्या असत्या, तर आईचे केशवपन झाले असते आणि लेकीला असे सावत्र वडील मिळालेच नसते. जातीच्या उतरंडीवर खाली मानलेल्या चालीने इथे मुलीच्या शिक्षणाची वाट मोकळी केली.

२१/
अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागले आणि रखमाबाईंची शाळा सुटली. त्या सासरी गेल्या नाहीत, घरीच मिशनच्या वाचनालयातली पुस्तके आणून वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी नांदायला येण्यासाठी दावा लावला. न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी फर्मावले, की नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. वर्तमानपत्रांत जो गदारोळ उठला, त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात नुसत्या रखमाबाई नव्हत्या, स्त्रीशिक्षणही होते. मुलगी शिकली म्हणून असे झाले, हे त्या वादाचे पालुपद. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि १८९४ मध्ये त्या लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या. पुढची अनेक वर्षे त्यांनी सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांवर उपचार केले.

२२/
हे सारे चालू असताना सरकार काय करत होते? १८८२ च्या हंटर आयोगापुढे पुण्यातून दोन आवाज उठले. जोतीरावांनी निवेदनात म्हटले, की कर भरतो शेतकरी आणि सरकार पैसा ओतते वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, मुलींच्या शाळांकडे अधिक लक्ष द्या. पंडिता रमाबाईंनी साक्षीत स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. एकाचा रोख घरांमधल्या विषमतेवर, दुसरीचा घरामधल्या विषमतेवर. दोघांचे म्हणणे एकत्र जोडून पाहण्याची बुद्धी आयोगाला झाली नाही.

२३/
२९ सप्टेंबर १८८४ रोजी पुण्यात मुलींचे हायस्कूल उघडले, तीच हुजूरपागा. रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर ही त्यामागची मंडळी. टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी या शाळेच्या इंग्रजी वळणाच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींना गृहकृत्यास उपयुक्त शिक्षण हवे, असा त्यांचा आग्रह. लक्षात घ्यावे ते असे, की टीका करणारे स्वतः न्यू इंग्लिश स्कूलचे संस्थापक-शिक्षक होते. मुलांच्या इंग्रजी शिक्षणासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली होती. शिकलेल्या समाजात भाऊ-बहिणीतले अंतर कसे रुंदावते, याचे याहून बोलके चित्र शोधावे लागणार नाही.

२४/
आता देवरुखच्या जोशी कुटुंबाकडे. भाऊ नरहरपंत मुंबईत उच्च शिक्षण घेत होते. तिथले त्यांचे स्नेही म्हणजे धोंडो केशव कर्वे. बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली, सासरी राबणारी. दुसरी बहीण, पुढच्या पार्वतीबाई आठवले, विसाव्या वर्षी पदरात मुलगा असताना विधवा. तिन्ही भावंडे एकाच आईबापांची, एकाच अंगणात वाढलेली. भाऊ महाविद्यालयात आणि दोन्ही बहिणी निरक्षर.

२५/
११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. नरहरपंतांनी गोदूबाईला तिथे दाखल केले. सदनातल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. वयाच्या विशीत त्यांनी अक्षरे गिरवायला घेतली. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, आणि ११ मार्च १८९३ रोजी कर्वे व गोदूबाई यांचा पुनर्विवाह झाला. (आनंदीबाई जोशींची पदवी, शारदासदन आणि हा विवाह, तिन्हींची तारीख ११ मार्च. योगायोगच, पण स्मरणात राहणारा.) मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. एप्रिल १८५८ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या त्या दोघांची आयुष्ये अशी एका विधवेच्या पाटीपाशी येऊन मिळाली.

२६/
कर्व्यांची पुढची वाटचाल, १८९६ ची अनाथ बालिकाश्रमाची उभारणी, हिंगणे, १९१६ चे महिला विद्यापीठ, सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने पार्वतीबाई कमी ठाऊक आहेत. पंचविशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या, आश्रमाच्या कामात स्वतःला गाडून घेतले आणि इंग्रजी जेमतेम येत असताना आश्रमासाठी निधी जमवायला अमेरिकेपर्यंत गेल्या. ज्या बुद्धीला घराने पंचवीस वर्षे एक अक्षरही दिले नाही, ती ही बुद्धी.

२७/
कुटुंब पूर्ण अनुकूल असले, तरी सारे सुरळीत होई असेही नाही. पुण्यातील सोराबजी हे ख्रिस्ती झालेले पारशी कुटुंब. आई फ्रान्सिना स्वतः शाळा चालवत. कन्या कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर झाली. तिच्या गुणांना इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती केवळ स्त्री असल्याने नाकारली गेली. घराचा अडथळा संपला, तिथे नियमाचा सुरू झाला.

२८/
घराच्या मर्जीवर उपाय एकच होता, सक्ती. आणि तो पहिल्यांदा अमलात आणला एका अशा माणसाने, ज्याला घराची पार्श्वभूमी म्हणजे काय हे स्वानुभवाने कळले होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातला गोपाळ नावाचा मुलगा. १८७५ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याला बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतले गेले तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तोच पुढे सयाजीराव गायकवाड झाला. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. तरी या पुरोगामी कायद्यातही मुलांची सक्ती बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींची दहाव्यापर्यंतच. लग्नाच्या वयाशी कायद्याने केलेली ही तडजोड.

२९/
गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. त्यातही आरंभ मुलांपासून होता, मुली मागाहून. ते विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. मुली मागाहून हा क्रम इतका स्वाभाविक मानला जाई, की उदारातल्या उदार मसुद्यातही त्याचे समर्थन करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

३०/
१९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात दर हजार पुरुषांत सुमारे शंभर साक्षर निघाले आणि दर हजार स्त्रियांत सहा-सात. १९११ मध्ये स्त्रियांचा आकडा शेकडा एकच्या आसपास पोहोचला. त्याच जनगणनेत पारशी स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक साक्षर होत्या. म्हणजे बहिणीने भावाबरोबर शिकावे असे एखाद्या समाजाने मनावर घेतले, तर दोन-तीन पिढ्यांत काय घडते, हे मुंबईच्या रस्त्यावर सर्वांना दिसत होते.

३१/
शेवटचे घर पुन्हा कर्व्यांचेच. ब्रह्मदेशात नोकरीला असलेल्या गणेश हरी करमरकर या अभियंत्यांना १९०५ मध्ये मुलगी झाली. तिथल्या नदीवरून तिचे नाव ठेवले इरावती. सातव्या वर्षी तिला हुजूरपागेत पाठवले. तिथे शकुंतला परांजपे हिच्याशी मैत्री झाली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरात इरावती लेकीसारखी वाढली. शकुंतला पुढे केंब्रिजला गणित शिकली. इरावतीचा विवाह धोंडो केशवांचे पुत्र दिनकर यांच्याशी झाला. महिला विद्यापीठाच्या संस्थापकाची ती सून.

३२/
१९२८ मध्ये इरावतीबाईंनी पीएच.डी.साठी जर्मनीस जायचे ठरवले. सासरे धोंडो केशव कर्वे यांनी त्याला विरोध केला. दिनकररावांनी पत्नीची बाजू घेतली, जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि इरावतीबाई बर्लिनला गेल्या. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या पुण्याला परतल्या.